झारी धरलेली बोटं

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर फोटोचा उरलेला तुकडा. पहिलीच्या वर्गात फळ्याच्याही वर, पार छताजवळ, 'झ'च्या तक्त्यावर मला चिकटवलं आहे. माझ्यात एक पत्र्याची झारी आहे आणि तिच्या कडीवर चार बोटं.

जन्मलो तेव्हा मी पुरता होतो. एका वायरमनने आपल्या लेकीचा फोटो काढला, तोच मी. ती रोपांना पाणी घालायला निघाली होती आणि झारी काही तिला पेलवत नव्हती. बापाने त्याच सकाळी फाटक रंगवलं होतं. या चिमुकल्या बाईसाहेबांनी त्या निळ्या रंगात करंगळी बुडवून घेतली होती. बापाला मी इतका आवडलो, की त्याने मला इंटरनेटवर फुकट फोटोंच्या एका साइटवर ठेवलं. "असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं तो बायकोला म्हणाला.

आणि पडलो की! पहिलीच्या बाईंना तक्त्यासाठी झारी हवी होती. शोधायला बसल्या, तर आधी चांदीची नक्षीदार भांडी आली, मग जाहिराती, मग अंगभर आडवी अक्षरं छापलेली चित्रं. बाई मेटाकुटीला आल्या, तेवढ्यात मी सापडलो. "अगदी खरीखुरी आहे," त्या म्हणाल्या. माझा ऊर भरून आला. पण लगेच त्या हसून म्हणाल्या, "ही कोण मध्येच झारीतली शुक्राचार्य? पोरं 'मुलगी' म्हणून मोकळी होतील." त्यांनी मला कापलं आणि कापलेलीच प्रत ठेवली. मी त्यांना दोष देत नाही. लहान मुलांना सुटसुटीत चित्रच लागतं. मला बघून कितीतरी मुलं 'झ' गिरवायला शिकली. नंतर माझ्यावर धूळ बसली, एक कोपरा सुटला, आणि वर कुणी बघेनासं झालं.

एकदा वर्गातला पंखा बंद पडला. दुरुस्तीला वायरमन आला, शिडी चढला आणि नेमका माझ्यासमोर आला. त्याचा स्क्रू पिळणारा हात थांबला.

"बाई, हा फोटो कुठला?"

"इंटरनेटवरचा. का हो?"

"ही माझ्या टिल्लीची करंगळी आहे."

टिल्ली तापाने गेली होती. पुढे त्याचा मोबाइल बिघडला आणि ती साइटही बंद पडली. शिडीवरूनच तो हे सगळं सांगत होता. "तिचे बाकीचे फोटो आहेत, पण सगळे नटवून, ताठ उभं करून काढलेले. हा तेवढा रोजच्यासारखा होता. तुमच्याकडे पूर्ण असेल ना?"

बाईंनी घाईघाईने लॅपटॉप उघडला. पुष्कळ शोधलं. झाऱ्या पैशाला पासरी मिळाल्या, टिल्ली मिळाली नाही.

"मी कापलाय हो तो," बाई कशाबशा म्हणाल्या.

"असू द्या. पण तुम्ही पाहिला होता ना? त्यात ती हसत होती का? मला आता नक्की आठवत नाही."

बाईंचं लक्ष तेव्हा झारीवरच होतं. मला तरी ठाऊक असायला हवं होतं, पण तिचा चेहरा माझ्याजवळ उरलेला नाही. मला फार वाईट वाटलं.

बाई मला काढून देऊ लागल्या, तर तो म्हणाला, "नको, पोरं शिकतायत." पंखा सुरू करून तो निघून गेला.

मित्रांनो, तुम्हीही शाळेसाठी चित्रं शोधाल, कापाल. खुशाल कापा. पण मूळ चित्र जपून ठेवा, काढणाऱ्याचं नाव लिहून घ्या, आणि कापण्याआधी सगळं चित्र एकदा नीट बघा. त्यात कुणी असेल, तर ते हसत होतं का, एवढं तरी लक्षात ठेवा.