कानांखालच्या गाठी

सहा महिने मी त्या गाठी पदराखाली झाकल्या. आधी डाव्या कानाखाली आली, मग उजव्या. दुखायच्या नाहीत, नुसत्या वाढायच्या. माझा नवरा पुंडलिक चेष्टा करायचा, "गालात बोंबील दडवलेस काय गो, चंद्रा?" आमच्या गावात, दातिवऱ्यात, माझ्या तोंडाला सहसा कोणी लागत नाही, पण या चेष्टेवर मी नुसता पदर पुढे ओढायचे.

शेवटी बोईसरला गेले. पालघरला गावातलं कोणी ना कोणी भेटलंच असतं. बोईसरच्या दवाखान्यात सगळे कारखान्यांतले कामगार, हिंदी बोलणारे. तिथे मला कोण ओळखणार? डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली, मग गाठीत सुई घालून पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. पिवळसर, पातळ पाणी. गाठ बसली म्हणून मी खूश झाले, तर आठ दिवसांत ती पुन्हा भरली.

रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. लाळेच्या ग्रंथीत पाण्याच्या पिशव्या झाल्यात. क्वचित दिसणारा प्रकार आहे. पण दोन्ही बाजूंना अशा पिशव्या असल्या की आम्ही एचआयव्हीची तपासणी करून घेतोच. त्यावर पुढचे उपचार ठरतात."

मी ताडकन उठले. "मी तसली वाटले काय तुमाला? तीस वर्सं संसार केलाय मी."

"तसली म्हणजे कसली?" बाईंनी शांतपणे विचारलं. "मी फक्त आजाराबद्दल बोलतेय, मावशी." आणि त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

तसली म्हणजे कसली, ते मला चांगलं ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी आमच्याच आळीतल्या सुगंधाचा नवरा गेला. गुजरातेत वेरावळच्या बोटींवर खलाशी होता. कशाने गेला ते गावभर कुजबुजत पसरलं. मग कळलं, की सुगंधाही दर महिन्याला पालघरहून त्याच रोगाच्या गोळ्या आणते.

आमच्या बायका बोंबील एकाच मोठ्या वलांडीवर सुकवतात. बांबूंना दोऱ्या ताणायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. एकीची पाटी संपली की ती दुसरीच्या पाटीला हात लावते, त्यामुळे कोणाचा बोंबील कोणाच्या जबड्यात, याचा हिशेब राहत नाही. हंगामाआधी दोऱ्या वाटून द्यायचं काम माझं. त्या वर्षी सुगंधाने टाकलेल्या जोड्या मी सगळ्यांदेखत उतरवल्या आणि तिच्या पाटीत परत टाकल्या. "तुजं घरामागं सुकव," म्हणाले. ती पाटी उचलून गेली. तेव्हा मला लाज वाटली नव्हती. उलट गावाचं भलं केलं, अशा तोऱ्यात मी घरी येऊन जेवले होते.

आणि आता ती चिठ्ठी माझ्या ब्लाउजात होती. पुंडलिकही तरुणपणी चार-चार महिने वेरावळला असायचा. त्याला विचारायची हिंमत होईना. आजाराची भीती वाटत होतीच, पण खरं सांगते, त्याहून मोठी भीती वाटत होती ती वलांडीची. मी सुगंधाला उठवलं, तर मला उठवायला किती वेळ लागणार होता?

तपासणी कुठे करतात, कोण विचारतं, नाव बाहेर फुटतं का, हे सांगणारी गावात एकच बाई होती. दुपारी आळीत सामसूम असताना मी तिच्या दारात गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा. सुगंधाने चिठ्ठी वाचली, माझा पदर बाजूला केला आणि गाठींवरून बोटं फिरवली.

"मला पन होत्या अशाच," ती म्हणाली. "गोळ्या चालू झाल्या न हळूहळू बसल्या. तुजं तेच असंल असं नाय, पन घाबरू नको. उद्या मी येते तुज्यासंगं."

तिने चहा केला. मी कपाला हात लावला नाही. "पित्त झालंय," म्हणाले. मदत मागायला गेलेली बाई मी, आणि तिच्या घरचा चहा मला चालेना! सुगंधाने एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा मोरीत ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी पालघरच्या सरकारी दवाखान्यात तिथल्या ताईंनी दार लावून घेऊन मला समजावलं, की हा आजार हात लावल्याने, एकत्र जेवल्याने, उष्ट्या कपाने होत नाही. मी मान डोलावत राहिले. रक्त दिलं. मग तासभर बाकावर बसलो. सुगंधाला तिथे सगळे ओळखत होते. सिस्टर येता-जाता तिची विचारपूस करत होत्या. तिने माझे हात आपल्या मांडीवर धरून ठेवले. मी सोडवून घेतले नाहीत.

माझ्यात काही निघालं नाही. ताईंनी तसं सांगितलं आणि मी खोलीबाहेर धावतच आले. बाहेर गोळ्यांसाठी रांग होती, दहा-बारा माणसं असतील. बाजारात हाक मारते त्या आवाजात मी ओरडले, "नाय गो सुगंधा, मला काय नाय! मी सांगत होते ना, आमचं घर तसलं नाय!"

रांगेतल्या माना वर झाल्या आणि खाली गेल्या. कॉलेजची बॅग घेतलेल्या एका मुलीने ओढणी तोंडावर ओढली. शब्द तोंडातून गेला होता, आता तो कुठून परत आणणार?

"बरं झालं," सुगंधा म्हणाली. "चल, गाडी चुकंल."

गाडीत सफाळे स्टेशनापर्यंत ती माझ्या गाठींचं पुढे काय करायचं तेच विचारत राहिली. एरवी आवरता न येणारी माझी जीभ माफीचा एक शब्द उच्चारत नव्हती. गावात शिरताना ती आपणहून दहा पावलं मागे राहिली, लोकांनी आम्हांला एकत्र बघू नये म्हणून. मीही थांबले नाही.

बोईसरच्या बाईंनी आणखी रक्त तपासलं, डोळे आणि तोंड कोरडं पडतं का ते पाहिलं. तिथेही काही सापडलं नाही. कधी कधी कारण मिळतच नाही, म्हणाल्या. डावी गाठ पाणी काढूनही भरतच होती, म्हणून ती कापून काढायचं ठरलं. उजवी लहान होती, तिच्यावर लक्ष ठेवायचं. चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच जाते, ओठ काही महिने वाकडा राहील, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. तसंच झालं. ऑपरेशन नीट पार पडलं, पण डावीकडचा ओठ लोंबला.

दोऱ्या वाटायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा सुगंधाकडे गेले. या वेळी भरदिवसा, आळीतून सगळ्यांसमोरून.

"उद्या दोऱ्या वाटतेय," मी म्हणाले. "माज्या बाजूची तुला धरलीय. दवाखान्यात बोलले ते चुकलं माजं. आठ वर्सांमागचं पन चुकलं."

ती चहा ठेवायला उठली. कप समोर येताच मी तो उचलला आणि तिला दिसेल असा तोंडाला लावला. ओठ मिटत नव्हता, चहा हनुवटीवरून ओघळला. सुगंधाने आपल्या पदराने तो टिपला. मला वाटलं, झालं, मिटलं आमच्यातलं.

मग तिने तो कप धुतला, धुतलेल्या फडक्यात गुंडाळला आणि वरच्या फळीवर एकटाच ठेवला. तिचे स्वतःचे कप खाली, मोरीपाशी होते.

"असा वेगळा कशाला ठेवतेस?" मी विचारलं.

"पावन्यांचा हाय तो. आठ वर्सं झाली, मी त्याला तोंड लावत नाय," ती साधेपणाने म्हणाली. "त्या दिवशी पन तुला ह्याच कपात दिलावता." मग म्हणाली, "दोरी ऱ्हाऊ दे, चंद्रा. घरामागं बरं सुकतं माजं."

मी पदर कानावर ओढला. डावीकडे झाकायला आता गाठ नव्हती, तरी ओढला.