दोन बाजू आणि मी एकटा

पेपर काढणाऱ्या साहेबांनो, ज्या प्रश्नावर तुम्ही माझ्या माणसाला नापास केलंत, त्याचं बरोबर उत्तर तुमच्याच स्टोअरमध्ये मिळत नाही. हे तुम्हाला माहीत होतं. तरी विचारलंत.

मित्रांनो, मी एक जुना अर्थिंग रॉड आहे. साहेब ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. विजेच्या तीन तारांसाठी माझ्या तीन काठ्या. पण तिन्ही मिळून रॉड एक, तोंडही एकच समजा. काठीच्या टोकाला पितळेचा आकडा, त्याला तांब्याची जाड केबल, तिचं दुसरं टोक जमिनीत. लाइन बंद केल्यावर वायरमन मला आधी तारांना अडकवतो, मगच कामाला हात घालतो. चुकून वीज आलीच, तर ती त्याच्या अंगातून न जाता माझ्यातून जमिनीत उतरते. एवढंच माझं काम. पण ते चुकलं, तर माफी मागायला समोर माणूस उरत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पिवळाधमक होतो. सुरक्षा सप्ताहात मोठ्या साहेबांनी मला हातात धरून फोटो काढला. "हा तुमचा सख्खा भाऊ समजा," म्हणाले. धरला होता उलटा. फोटो ऑफिसात काचेआड लागला. मला ठेवायला मात्र तिथे जागा नाही, म्हणून मी वायरमनच्या घरी दाराआड उभा असतो. केबलचे धागे तुटलेत, वर चिकटपट्टी आहे.

यंदा फर्मान निघालं: लेखी परीक्षा पास व्हा, प्रमाणपत्र घ्या, नाहीतर खांबावर चढायचं नाही. आमच्या वायरमनचं अर्धं आयुष्य खांबावर गेलेलं. पुस्तक उघडलं की जांभया. बायको शिलाई मशीन चालवता चालवता प्रश्न विचारायची.

"अहो, झोपू नका! तार तुटलीय. अर्थिंग कुठे कराल?"

"सबस्टेशनच्या बाजूला."

"चूक. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना."

"पुस्तकाकडे दोन असतील. माझ्याकडे हा एकच."

"मग मागा की दुसरा!"

"मागून थकलो. स्टोअरवाला म्हणतो, 'एक आहे ना? मग?'"

मशीन थांबलं. "आपल्या लाइनच्या दुसऱ्या बाजूला लाकडाची वखार आहे. वीज गेली की ते जनरेटर लावतात. त्यांची वीज उलटी तारेत आली तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तोवर मी तिला दाराआडची अडचण वाटत असेन.

मग तिने त्याच्याकडून उत्तर घोकून घेतलं. जेवताना, बूट घालताना. "अगं, दोन्ही बाजूंना, दोन्ही बाजूंना! आता चहा तरी दे, एकाच बाजूने पितो."

परीक्षेत नेमकं तेच आलं, फक्त शब्द वेगळे. 'तार तुटल्यास तुम्ही काम कसे करता, ते क्रमाने लिहा.' आणि या बाबाने खरं लिहिलं: एका बाजूला, कारण रॉड एकच आहे.

"घोकलेलं कुठे सांडलंत?" बायकोने कपाळावर हात मारला.

"अगं, 'तुम्ही कसे करता' विचारलंय. खाली माझी सही. उद्या काही झालं तर म्हणतील, याच्याकडे दोन होते, यानेच लावला नाही."

नापास.

निकालाच्या दुसऱ्याच सकाळी फोन. वखारीजवळ तार तुटली. "लवकर ये."

"साहेब, मी तर नापास."

"ते कागदावर रे! चढणारं दुसरं आहे कोण? वखारवाल्याला सांगतो, जनरेटर बंद ठेव म्हणून."

"सांगितलं की नाही, ते कोण बघणार?" बायको म्हणाली. तिने मला दाराआडून काढलं, सुटलेली पट्टी दाबून बसवली आणि चपला घातल्या. "तुम्ही चढा. मी वखारीत जाऊन उभी राहते."

आता मी सबस्टेशनच्या बाजूला तारांना लटकलो आहे. माझा माणूस वर आहे. दुसऱ्या बाजूला माझा जोडीदार हवा होता. तिथे एक बाई जनरेटरपुढे कमरेवर हात ठेवून उभी आहे.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, आधी माणसाला लागतील तेवढ्या वस्तू द्या, मग जपायला सांगा.

आणि साहेब, आता पेपर मी काढतो. तार तुटली आहे. बाजू दोन आहेत, रॉड एक आहे, वर माणूस आहे. तुम्ही काय करता, ते क्रमाने लिहा. खाली सही करा.