ट्रास्कांचं फाटकं पान

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या त्या गावात ट्रास्क घराण्याला लोक ‘पिंपवाले’ म्हणायचे, आणि पाठ वळली की ‘फाटक्या पानाचे’. मूळपुरुष एलनेथन इंग्रजांविरुद्धच्या लढाईत तीन वर्षं बंदूक घेऊन होता, मग जन्मभर त्यानं लाकडी पिंपं बनवली. पण गावानं लक्षात काय ठेवलं, तर त्याच्या बायबलातलं फाटलेलं पान! घरातली लग्नं नि जन्म बायबलात लिहायची तिकडची रीत, आणि नेमकं लग्नाचंच पान गायब. म्हणजे लग्न झालंच नव्हतं, लाज झाकायला फाडलं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ऐंशी वर्षांच्या ओरिन ट्रास्कनं हे शाळेपासून ऐकलं होतं. यंदा त्यानं सांगूनच टाकलं, की मेल्यावर ट्रास्कांच्या कबरींत आपण जाणार नाही, नदीपलीकडच्या नव्या दफनभूमीत जाणार. धाकटी बहीण डिलाइट हादरली. दोघांचीही लग्नं झाली नव्हती, एकाच चुलीवर आयुष्य गेलं होतं.

“आणि मी काय तिथे एकटी पडू?”

“तूही चल. पलीकडे आपल्याला कुणी ओळखत नाही.”

“मेल्यावरही तोंड लपवायचं? अरे, आई-बाबा आहेत तिथे!”

“असू देत. मला त्या दगडांवरचं आडनावच नको.”

डिलाइटला फार लागलं ते. ती गावच्या दप्तरात शोधायला गेली, तर त्या काळच्या चर्चच्या वह्या चर्चबरोबरच जळालेल्या. शेवटी ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं, की सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळायचं, त्यांचे कागद देशाच्या राजधानीत असतात. डिलाइटनं पत्र टाकलं.

जाडजूड पाकीट आलं ते मार्चमध्ये, ओरिन पाकासाठी मेपलच्या झाडांचा रस आटवत होता तेव्हा. ती तशीच धावत वाफेनं भरलेल्या खोपटात शिरली आणि मोठ्यानं वाचू लागली. एलनेथनची विधवा मेहिटाबेल, वय एकोणऐंशी, न्यायाधीशांसमोर शपथेवर बोलली होती:

“चर्च जळालं. लग्न लावणारे पाद्री वारले. साक्षीदार कुणी उरला नाही. माझ्या नवऱ्यानं लिहिलेलं हे पान मी आज माझ्या हातानं बायबलातून फाडून देते. माझ्यापाशी दुसरा पुरावा नाही. काम झाल्यावर पान मला परत मिळावं.”

खाली सहीच्या जागी फुली. सोबत त्या पानाची नक्कल होती, त्यावर लग्नाची तारीख आणि त्यानंतर दोन वर्षांनी झालेला पहिला मुलगा. पेन्शन मंजूर झालं होतं. म्हातारी मात्र त्याच हिवाळ्यात गेली, मग घरात खरं सांगणार कोण?

ओरिननं कागद हातात घेतला. चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसून त्यानं पुन्हा वाचलं.

“अरे, रस करपतोय!” डिलाइट ओरडली.

“करपू दे.” साठ वर्षांत त्यानं एक कढई करपू दिली नव्हती. “परत मागितलं होतं गं तिनं. लग्न शाबीत करायला फाडलं बिचारीनं, आणि आपण तिलाच लाजत राहिलो.” तो लहान मुलासारखा रडला.

बऱ्याच वेळानं नाक पुसत तो म्हणाला, “मेहिटाबेलच्या शेजारची जागा रिकामी आहे ना? तिथे मला ठेवा. तू माझ्या पलीकडे.”

“मोठा आलाय!” डिलाइट डोळे पुसत म्हणाली. “पत्र मी लिहिलं. तिच्या शेजारी मी.”