ओलं वॉर्निश

"ब्रश आणलाय ना? मग बोळ्याने काय लावतेस?" मी विचारलं.

"ब्रशचे केस सुटतात," ताई म्हणाली. "तू बाजूला हो. उजेड अडतोय."

माझी थोरली बहीण अंगणात बसून बाकाला वॉर्निश लावत होती. हातात रबरी मोजे, डोक्याला रुमाल आणि चिमट्यात कापसाचा बोळा. उभी हयात दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेली बाई. निवृत्त झाली तरी दुधाचं पातेलंसुद्धा ऑपरेशनला न्यायचं असल्यासारखं घासते. वॉर्निशच्या डब्याला मात्र तिने जन्मात कधी हात लावला नव्हता.

खरं तर हे काम भाऊजींचं. आयुष्यभर लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरलेला माणूस. काम सुटलं की अंगणात नुसतं बसून राहणार, हे त्यांचं पालुपद. कोपऱ्यावरच्या सुताराकडून बाक करून घेतला, तोही कोरा. वॉर्निश मी स्वतः मारणार म्हणाले. डबा आणला, ब्रश आणला, आणि आजारपणाने गाठलं. आता दवाखान्याने घरी पाठवलं होतं. बरे झाले म्हणून नव्हे, तिथे त्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. घरी आल्यापासून त्यांचं एकच मागणं होतं, मला त्या बाकावर बसायचंय.

दुसरी कुणी असती तर वर चादर टाकून बसवून मोकळी झाली असती. ताई कसली ऐकते. "कोऱ्या लाकडाची कूस अंगात भरेल. कातडी बघितलीस का त्यांची, कागद झालाय. आधी वॉर्निश, मग बसणं."

"मग कधी?" खिडकीशी टाकलेल्या खाटेवरून भाऊजींनी विचारलं.

"उद्या," ताई म्हणाली.

तिने हात आखडता घेतला नाही. जखमेवर मलम थापावं तसं वॉर्निश थापलं. संध्याकाळी त्यावर प्लॅस्टिकचा कागद पांघरला, कडा नीट खोचल्या. धूळ बसायला नको म्हणे. भाजलेल्या पेशंटला झाकतात, अगदी तसं. सकाळी कागद काढला तर वॉर्निश चिकट. कमी पडलं असेल म्हणून तिने आणखी एक थर दिला आणि परत झाकलं. पुढच्या सकाळी तेच. शिवाय कापसाचे तंतू अडकून बाकाला जागोजागी मिशा फुटल्या होत्या.

"सिस्टर, पेशंट कसा आहे?" भाऊजींनी खिडकीतून विचारलं.

"चिकट आहे."

"माझ्यावर गेलाय."

मला हसू आलं. ताई हसली नाही. त्यांचा आवाज कालच्यापेक्षा खाली गेला होता आणि सकाळचं दूध तसंच राहिलं होतं. तिच्या ते आधीच ध्यानात आलं असणार.

मग मीच तिला न विचारता सुताराला बोलावून आणलं. त्याने बाकावर बोट टेकवलं, ते सुटताना चट् असा आवाज झाला.

"सिस्टर, अहो, याला वारा लागतो. एक तर भारंभार लावलंत, वर पांघरूण घातलंत. गुदमरलं ते. आता सगळं खरवडायचं आणि परत पहिल्यापासून. आठवडा तरी धरा."

"आठवडा," ताई म्हणाली. मोजे काढून नळाखाली हात धूत उभी राहिली, स्वच्छ हात पुन्हा पुन्हा धूत. मी मागोमाग गेले.

"मी त्यांना उद्या म्हणाले गं," ती म्हणाली. "रोज उद्या म्हणाले. वॉर्डात पेशंटच्या बायकांना जन्मभर सांगत आले, माणूस मागतोय ते आत्ता द्या, उद्यावर ढकलू नका. आणि माझ्या घरात मी काय करत बसले? कापूस लावत."

मला रडू फुटलं. तिने पदराला हात पुसले. टॉवेल समोर असताना तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. तशीच ती आत गेली आणि खाटेशी उभी राहिली.

"चला. बाकावर बसायचंय ना?"

"वाळला?"

"नाही."

भाऊजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि माझा पायजमा?"

"खड्ड्यात गेला तुमचा पायजमा."

सुताराने आणि मी त्यांना धरून बाहेर आणलं. किती हलके झाले होते ते. मी चादर आणायला वळले तर म्हणाले, "नको. चादरींवर पुष्कळ झोपून झालं. लाकूड लागू दे." आणि बसले. ताई खांद्याला आधार देऊन शेजारी उभी राहिली, वॉर्डात राहायची तशी.

"तूही बस की," भाऊजी म्हणाले.

पेशंटच्या खाटेवर टेकलेल्या नातेवाइकांना उठवणारी माझी बहीण चांगल्या साडीनिशी त्या ओल्या वॉर्निशवर बसली. भाऊजींनी बाकाच्या हातावरून बोटं फिरवली. बोटं अडखळत होती.

"छान लावलंयस."

"खोटं बोलू नका."

"बरं. जाड लावलंयस."

"हो," ती म्हणाली आणि त्यांचा हात हातात घेतला. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत दोघं तिथेच होती. उठवताना कपडे असे चिकटले होते की आम्हाला सोलून काढावं लागलं. भाऊजी खोकला येईपर्यंत हसले. त्यानंतर ते बाहेर आले नाहीत.

तेराव्यानंतर भेटायला येणारे पांगल्यावर एक दिवस सुतार आपणहून हत्यारं घेऊन आला. उघड्या वाऱ्यावर बाक केव्हाच वाळला होता. एका बाजूला ताईच्या साडीच्या चुण्या उमटल्या होत्या, दुसऱ्या बाजूला पायजम्याची वीण, मागची शिवणसुद्धा.

"घासून काढतो सगळं," तो म्हणाला. "नव्यासारखा करतो."

"माझी बाजू घासा," ताई म्हणाली. "मला रोज बसायचंय. त्या बाजूला हात लावू नका."

"अर्धाच? अहो, दिसेल कसं ते?"

"दिसू दे."

त्याने अर्धा बाक घासून दिला. तेवढ्याला तिने स्वतः वॉर्निश लावलं. पातळ लावलं, आणि उघडं ठेवलं. आता मी कधी संध्याकाळी गेले तर ती बाकावरून उठते, मला तिची गुळगुळीत बाजू देते आणि आपण पायरीवर बसते.