चादरीचं दुसरं टोक

धाकट्या दिराने पहिला भयपट केला आणि त्यातला सगळ्यात निरुपद्रवी प्रसंग पाहून लोक घाबरले. कुठे घाबरायचं ते भाऊजींनी नीट आखलं होतं. तिथे लोक बेताचेच दचकले, एका ठिकाणी तर चक्क हसले. या प्रसंगात मात्र कोणी हूं की चूं केलं नाही. चाचणीच्या खेळाला माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या बाईंनी हळूच पाय उचलून खुर्चीवर घेतले.

प्रसंग काय, तर एक म्हातारी वाळलेल्या चादरीची घडी घालते. बस. म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याच घरात, स्वतःच्याच चादरीवर त्यांनी काम केलं होतं. तुझ्या प्रसंगात भूतबीत काही नसेल, तू फक्त रोजचं काम कर, असा भाऊजींनी त्यांना शब्द दिला होता. त्या अटीवरच त्या तयार झाल्या होत्या.

खेळानंतर संकलनाच्या खोलीत आम्ही तिघं बसलो: भाऊजी, संकलक बाई आणि मी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. सिनेमातलं मला ओ की ठो कळत नाही. पण वहिनीला कारण शोधायची खोड आहे, असं म्हणून भाऊजींनी मला ओढत आणलं होतं.

भाऊजींनी आधी मला नियम समजावले. भयपटाला येणाऱ्या माणसाला ते पाठच असतात. आरशाचं कपाट उघडलं की ते मिटताना आरशात मागे कोणीतरी दिसणार. पहिल्यांदा अंगावर येतं ते मांजर, खरं ते नंतर. पडद्याची एक बाजू रिकामी ठेवली की ती भरणार. हे नियम आपण पाळत जायचे आणि मग अचानक एक मोडायचा. त्यानंतर प्रेक्षकाचा साध्या खुर्चीवरसुद्धा भरवसा राहत नाही. मध्येच त्याला श्वास घ्यायला जागा द्यायची. आईचा प्रसंग ही ती जागा.

"आणि तिथेच सगळ्यांचा श्वास अडकला," संकलक बाई म्हणाल्या.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगितली. संगीत काढलं. खालच्या मजल्यावरच्या स्वागतिकेला बोलावून सुरुवातीपासून दाखवलं. चादर आली तशी तिने ओढणीचं टोक दातात धरलं. मग संगीत परत घालून चित्र उजळ केलं आणि प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला बसवलं. प्रसंग अर्ध्यावर असताना त्याला एकदम कामाची आठवण झाली. शेवटी चौकीदाराला नुसता तेवढाच प्रसंग दाखवला, आधीचं काहीच नाही. तो खूश झाला. म्हणाला, आमच्या घरी घड्या अशा कोणाला जमत नाहीत.

म्हणजे भीती नुसत्या प्रसंगात नव्हती. आधीच्या सिनेमाने ती लोकांच्या डोक्यात पेरली होती, एवढं समजलं. पण ती उगवायला घडी घालणारी म्हातारीच का लागावी? भाऊजी केसांतून हात फिरवत पडद्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. मला दिसत होत्या त्या आई, दर आठवड्याला दिसतात तशाच.

"मला एक सांगा," संकलक बाईंनी चित्र थांबवलं. "दुसरं टोक कोणी धरलंय?"

"कपाटाने," भाऊजी आणि मी एकदमच म्हणालो.

त्या आमच्याकडे बघत राहिल्या. मग आम्ही पडद्याकडे पाहिलं. आई उजव्या कडेला उभ्या होत्या. चादर त्यांच्या हातातून निघून डावीकडच्या रिकाम्या जागेतून बाहेर जात होती, हवेत, ताठ ताणलेली. त्या ओढत होत्या आणि पलीकडून कोणीतरी धरून ठेवलं होतं. कपाट चित्रात कुठेच नव्हतं.

सासरे होते तेव्हा दुसरं टोक ते धरायचे आणि वाकडं धरतात म्हणून दर वेळी बोलणी खायचे. ते गेल्यावर आई ते टोक कपाटाच्या दारात चिमटायला लागल्या. आमच्यापैकी कोणाला मदतीला हाक मारली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बघून बघून ते कपाट आमच्या डोळ्यांत इतकं बसलं होतं, की ते चित्रात आलेलं नाही हे भाऊजींच्या लक्षातच आलं नव्हतं.

निर्मात्याला फोनवर हे कळल्यावर तो भलताच खूश झाला. त्याचं म्हणणं एवढंच, की पलीकडे दोन बोटं दाखवा. ती जमत नसतील तर प्रसंग कापा, लोकांना असं टांगून ठेवू नका. भाऊजी म्हणाले, आईला विचारून सांगतो.

आईंनी लॅपटॉपवर प्रसंग पाहिला. चादर नीट झटकलेली नाही, असं म्हणाल्या. मग पुन्हा लावायला सांगितला.

"कपाट दिसत नाही रे."

"नाही दिसत."

"मग लोकांना काय वाटतं?"

"कोणीतरी धरलंय, असं."

त्यांचा चेहरा मला वाचता येईना. "आणि त्याची भीती वाटते?" त्यांनी विचारलं. त्यांना ते खरंच समजत नव्हतं. भाऊजींनी नियम सांगायला सुरुवात केली आणि रिकाम्या बाजूपर्यंत येऊन ते स्वतःच थांबले. मग दुसरीकडे बघत त्यांनी बोटांचं सांगितलं.

"नको," आई म्हणाल्या. "बोटं दाखवलीस तर ती दुसऱ्याच कोणाची तरी असतील."

"मग कापू का?"

"कापतोस कशाला? आहे ते बरं आहे."

निर्मात्याशी भाऊजींचं चांगलंच वाजलं. अखेर प्रसंग राहिला, बोटांशिवाय. त्याच्या बदल्यात मांजर दोनदा जास्त उडी मारतं.

पुढच्या रविवारी आई बाहेर गेल्या होत्या, म्हणून चादरी मी काढल्या. एक टोक त्यांच्यासारखं कपाटाच्या दारात चिमटलं, मागे सरले आणि ओढलं. चादर ताणली गेली. वर्गात मी दर वर्षी शिकवते, आपण जितकं ओढतो तितकंच समोरूनही ओढलं जातं, मग समोर भिंत असो की माणूस. ते बरोबरच आहे. कपाटाचं दार मला समोर दिसत होतं, नीट मिटलेलं. तरी टोक सोडवायला पुढे जायला पाय उचलेना.

मी चादर थोडी सैल सोडली. पलीकडूनही ती सैल झाली. तसंच व्हायला हवं. मला भीती वाटत होती का, हे मात्र मला सांगता येत नाही.