सहा जणांची लिफ्ट

घटना बदलणं म्हणजे चहात साखर वाढवणं नव्हे. सभागृहाच्या एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश जणांनी 'हो' म्हणावं लागतं, तेही दोनदा, मध्ये सहा महिने जाऊ देऊन. जो घरी झोपला त्याचंही 'नाही'च धरतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही. एकवीस वर्षं मी संसदेच्या इमारतीत लिफ्ट चालवते आहे, आणि लिफ्टवालीला कान असतात हे मोठ्या माणसांच्या लक्षातच येत नाही.

तीनशे सभासद, म्हणजे दोनशे मतं हवीत. पहिल्या वेळी दोनशे एक पडली. मधल्या काळात एक सभासद वारले. आता उरली बरोब्बर दोनशे. एक जण जरी चुकला तरी मुसळ केरात!

आणि मुसळ माझ्या घरचं होतं. आईचं नागरिकत्व मुलांना मिळावं, अशी ती दुरुस्ती. आजवर ते फक्त बापाकडून मिळायचं. माझ्या लेकीचा बाप परदेशी. ती वर्षाची असताना गेला तो गेलाच. लेक इथेच जन्मली, इथेच सतरा वर्षांची झाली, आणि पोहते अशी की सगळे तिला मासोळी म्हणतात. पण राष्ट्रीय संघाच्या फॉर्मवर 'नागरिकत्व' या रकान्यात काय लिहिणार? मासोळी? त्या दुपारी ती तो कोरा रकाना घेऊन प्रेक्षकांच्या गॅलरीत बसली होती.

भाषणं कधी नव्हे ती वेळेआधी संपली आणि मतदानाची घंटा सुरू झाली. ती पाच मिनिटं वाजते. थांबली की दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाची दारं बंद, मग कुणी कितीही ठोका. मी पाचव्या मजल्यावर कँटीनसमोर होते. आतून सहा सभासद तोंडं पुसत धावत आले. चार आपले, दोन विरोधातले. लिफ्ट सहा जणांची, मी सातवी. हँडल ओढलं तर तिने नुसता हुंकार दिला आणि रुसून बसली.

"एकाने उतरा हो! जिना आहे ना!"

जिना होता, पण त्याला सकाळीच हिरवा रंग लावलेला. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

दुसरी माणसं असती तर ढकलाढकली झाली असती. पण ही मंडळी!

"मी ठराव मांडतो," काठीवाले आजोबा म्हणाले, "की शेवटी आला त्याने उतरावं."

"दुरुस्ती सुचवते," पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "'शेवटी आला' ऐवजी 'सर्वांत जड'."

"अहो, घंटा वाजतेय!" मी ओरडले.

"आधी मतदान!"

चार विरुद्ध दोन. विरोधी बाजूच्या वजनदार साहेबांनी उतरावं, असं ठरलं. साहेब जागचे हलले नाहीत.

मी पेटलेच. "साहेब, तुम्ही नाही गेलात तरी तुमचं 'नाही' धरतातच की! कशाला अडून बसलाय?"

"माझं 'नाही' मी माझ्या तोंडाने म्हणणार. तो माझा हक्क आहे. चौघांना वाटलं म्हणून एकाचा हक्क जात नाही, ताई. घटना कशासाठी आहे मग?"

असा राग आला! त्याहून जास्त राग याचा आला, की माणूस बरोबर बोलत होता. माझ्या एकट्या पोरीला जन्मभर हेच ऐकवलं गेलं होतं, की सगळ्यांना चालतं, तुम्हालाच काय होतं? आता मीही तेच म्हणू?

"बाई, इकडे या. हे हँडल धरा. दुसरा मजला दिसायच्या जरा आधीच सोडायचं." एकवीस वर्षांत मी लिफ्ट कुणाच्या हाती दिली नव्हती. आज दिली आणि उतरले.

जिन्यावरून मी किती धावले आणि किती घसरले, देव जाणे. दुसऱ्या मजल्यावर येऊन बघते तर काय, बाईंनी हँडल उशिरा सोडलेलं! लिफ्ट कमरेइतकी खाली अडकलेली, आत वजनदार साहेब ओणवे, आणि त्यांच्या पाठीवर पाय देऊन काठीवाले आजोबा वर चढताहेत.

"चढा लवकर!" साहेब खालून ओरडत होते. "मला हरवायचं तर आत तरी पोचा!"

हसू आवरेना. शेवटी साहेबांना दोन्ही हातांनी मीच वर ओढलं. ते आत शिरले आणि दार लागलं.

मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. मग भोंग्यातून आवाज आला, "बाजूने दोनशे. विरोधात एकोणऐंशी." त्या एकोणऐंशीत साहेबांचं एक होतं, आणि मला त्याचा जरासुद्धा राग आला नाही.

मासोळी गॅलरीतून धावत खाली आली. "आई, तुझे पाय हिरवे झालेत!" मग तिने हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. "म्हणजे मी आजपासून इथली?"

"तू पहिल्यापासूनच इथली गं. यांना आज कळलं."

तिने मला वळवलं, माझ्या पाठीवर फॉर्म ठेवला आणि तिथेच लिहायला लागली. पेन चांगलंच टोचत होतं. मी जागची हलले नाही.