गोदाबाईंचा अबोला

गोदाबाईंच्या पाळणाघरातून पोरं घरी आली की बोलत नाहीत, एवढीच तक्रार होती. पण ती सांगताना त्यांतल्या एकीच्या आईचा, प्रतीक्षाचा, चेहरा असा उतरलेला होता, की देवश्री दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.नं अमरावतीहून अकोल्याला निघाली. सरकारी खात्यातर्फे पाळणाघरांच्या चौकशा करता करता तिचे केस पिकायला आले होते. लेकरू गप्प झालं म्हणजे कुणीतरी त्याला धाकात ठेवलंय, हे तिला वेगळं सांगावं लागत नसे.

डाबकी रोडच्या मागच्या गल्लीतलं गोदाबाईंचं घर मात्र तिला पाहताक्षणी आवडलं, आणि तिथंच तिची पंचाईत झाली. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, ताटल्यांत वरण-भात, आणि पोरांचा नुसता कलकलाट. तिनं खेळता खेळता त्यांचे हात पाहिले, पाठी पाहिल्या. वळ सोडाच, साधा ओरखडा नव्हता. मार खाणारी पोरं आजीच्या पदराला अशी तोंडं पुसतात होय?

मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ओसरीच्या कोपऱ्यात एक कोनाडा होता आणि त्यात तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात तसला लाकडी बैल, एक शिंग मोडलेला. त्याच्याखाली एका पोराची जागा सोडून सगळी बसली होती आणि जेवता जेवता आळीपाळीनं त्या रिकाम्या जागेशी गप्पा मारत होती. गोदाबाई वाढत वाढत तिथवर येत आणि नजर न उचलता मागे फिरत.

प्रतीक्षाची धाकटी खुशी तोंडात घास घोळवत बसली होती. देवश्रीनं तिला जवळ घेतलं.

"आजी रागावते का गं तुला?"

"मले नाई. त्याले." खुशीनं कोपऱ्याकडं बोट केलं. "आजी त्याच्यासंग बोलत नाई. मंग आमी बी घरी बोलत नाई."

देवश्री उठून स्वयंपाकघरात गेली आणि गोदाबाईंना विचारलं, तो बैल कुणाचा?

गोदाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "नातवाचा, नितेशचा. मी मारत नाई वो बाई कोनाले. चुकलं त अबोला धरतो. ज्यानं धरला त्यानंच सोडा लागते, असं हाय आमच्या घरी. पोळ्याच्या दिवशी त्यानं शिंग मोडलं, मी बोलली नाई. दिवसभर माह्या मागं मागं फिरलं लेकरू. संध्याकाळी बापासंग फटफटीवर दर्यापूरले गेला, अन् दोघंबी जिते परत आले नाई. अबोला सोडाचा राहूनच गेला." त्यांना रडू आवरेना. "पन या लेकरांपाशी मी त्याचं नाव बी नाई काढत."

देवश्रीलाही भरून आलं. म्हातारीचं दुःख पोरांनी न सांगता उचललं असणार, अशी तिनं आपली समजूत घातली. पाळणाघर बंद करा म्हणून लिहून देणं सोपं होतं. पण मग या घरात माणसाचा आवाज यायचा कुठून?

"आजी," ती म्हणाली, "आज सोडा तो अबोला. पोरांदेखत. ती घरी बोलायला लागली नाहीत तर मला हे बंद करावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही."

गोदाबाईंनी डोळे पुसले. बैल कोनाड्यातून खाली काढला, पदरानं त्याच्यावरची धूळ झटकली आणि रिकाम्या जागेपुढे ठेवला. शेजारी ताट वाढलं. पोरांनी हातातले घास खाली ठेवले.

"नितू," त्या कशाबशा म्हणाल्या, "चुकलं रे राजा माहं. जेव. बोल माह्याशी."

पोरं कोपऱ्याकडं पाहत राहिली, कुणी काही सांगत असलं की पाहतात तशी. मग खुशीनं समजल्यासारखी मान हलवली, उठून गोदाबाईंजवळ आली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली,

"आजी, थो म्हन्ते, आता मी नाई बोलत."